बाप सुटला का, बघून या

प्रिय भिकामामा,

आज सकाळी बाप सुटला.

एवढं एकच सांगायला हे पत्र लिहायला बसलोय. गेल्या भादव्यात बाजेवर पडल्या पडल्या तुम्ही मला म्हणाला होतात, आठवतं? ‘बाप सुटला का, बघून या, गुरुजी.’ त्याचं उत्तर द्यायला मला अख्खं वर्ष लागलं. चौतीस वर्षं पोरांवर ओरडलो, ‘विचारलं तेवढंच लिहा, खरं लिहा, वेळेत लिहा’ म्हणून. आणि स्वतःची उत्तरपत्रिका ही अशी!

तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. ‘गुरुजी, जित्तेपणी मला अक्षर वळखू आलं न्हाई, आता मेल्यावर वाचून राह्यलो का?’ नका वाचू. मी मोठ्यानं म्हणत म्हणत लिहितोय. तुम्ही खिडकीखाली थांबून ऐकायचात, तसे ऐका.

ती खिडकी! परतूरहून बदली होऊन मी तुमच्या गावी आलो, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. शाळेच्या दोन खोल्या, मागून तलावाकडे जाणारी पायवाट. चौथीच्या पोरांकडून कविता म्हणून घेत होतो, तालात, टाळ्या वाजवत. खिडकीत एक सावली येऊन थांबली. खांद्यावर जाळं, कमरेला ओला पंचा. पोरं खिदळायला लागली. मी रागानं बाहेर आलो.

‘काय पाहिजे?’

‘काही न्हाई गुरुजी. चाल बेस हाय. जाळं फेकताना अशीच लागती.’

मला वाटलं, थट्टा करताय. पुढच्या रविवारी तलावावर आलो आणि पाळूवर, मातीच्या त्या बांधावर, उभा राहून पाहतच राहिलो. तुम्ही गुडघाभर पाण्यात होतात. जाळ्याचा घोळ कोपरावर, एक कड दातांत. ओठ मिटलेले, पण नाकातून ती चाल येत होती, माझ्या चौथीची! पहिल्या ओळीला तुम्ही अंग मागं वळवलंत, दुसऱ्या ओळीच्या शेवटाला हात सोडलेत, आणि जाळं हवेत भाकरीसारखं गोल उघडलं. क्षणभर तसंच राहिलं. मग सगळीकडून एकाच वेळी पाण्यावर टेकलं. आवाजसुद्धा एकच आला.

मामा, मी आयुष्यभर कविता शिकवल्या. कवितेला मिळालेली एवढी मोठी दाद मी दुसरी पाहिली नाही. ‘शब्द तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या गुरुजी,’ तुम्ही म्हणालात, ‘मला चाल तेवढी द्या.’

गोदावरी तशी कोसावर. ते तुमच्या वडिलांचं पाणी. तुमचं पाणी म्हणजे दुष्काळी कामावर खोदलेला हा तलाव. मी तो रोज पाहायचो. छान दिसतो, एवढंच मला कळायचं. एकदा पाळूवर बसलो होतो, पाण्यावर बुडबुडे आले.

‘मासा!’ मी ओरडलो.

‘मासा तर हायच. कोणता, ते सांगा.’

आणि मग तुम्ही बोटानं दाखवत गेलात. मोहरीएवढे बारीक, एकाच जागी घोळका करून येतात, ती मृगळ. गाळात तोंड खुपसून चरतेय. एकामागं एक रांगेनं चालत जातात, ते कासव. आणि बुडबुडा नाहीच, पाण्याला एकदम खळी पडते, ‘गप्’ असा आवाज होतो आणि पुन्हा सगळं गुळगुळीत, ती मरळ. ‘तिला वरची हवा लागती गुरुजी, तुमच्या-माझ्यासारखी. ऱ्हाती पाण्यात, पर श्वास वरून नेती.’

मी आ वासून बघत होतो. एवढा मोठा फळा भरून लिहिलेला होता आणि वर्षभर मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नव्हतं! आपल्या दोघांत अडाणी कोण होतं, मामा?

तरीही मला वाटायचं, मला मासेमारी येते. बांबूची काठी होती, नायलॉनची दोरी होती, ज्वारीच्या धांड्याचं तरंगतं बूच होतं. ते बूच बुडेपर्यंत एकटक पाहायचं, त्यातच माझा रविवार संपायचा. आमच्या घरी मासा उंबऱ्याच्या आत येत नसे. सौभाग्यवती म्हणायच्या, ‘तळ्यावर जा, पण वास तिथंच ठेवून या.’ म्हणून जे काही हाती लागेल ते तुमच्या घरी. ‘तुमचा शौक, आमची चूल,’ तुम्ही हसून म्हणायचात. हसून म्हणालात तरी ते खरंच होतं. मार्गशीर्षातल्या थंडीत छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ओढताना मी तुम्हाला पाहिलंय. दोरीनं चिरलेल्या बोटांवर पारूमामी हळद दाबायच्या आणि तेच मासे टोपल्यात घालून कुंभार पिंपळगावच्या बाजाराला निघायच्या. मी पाण्याकडे पाहायला यायचो, तुम्ही पाण्यात उतरायला. हा फरक मला कळायला तो रविवार यावा लागला.

श्रावण होता. बेशरमाच्या झुडपांनी भरलेल्या त्या उथळ कोपऱ्यात मी पहिल्यांदाच गेलो होतो. पाण्यावर घमेल्याएवढं काहीतरी लाल हलत होतं. मधूनच वर उकळी फुटायची, मधूनच खाली बसायचं. काय आहे ते कळेना. गळाला बेडकी लावली आणि नेमकी त्या लाल गोळ्याच्या मधोमध टाकली.

काठी हातातून सुटता सुटता राहिली! हातभर लांब मरळ. ओल्या पोत्यात गुंडाळून मी जवळजवळ पळतच तुमच्या अंगणात आलो. पारूमामी पाट्यावर मसाला वाटत होत्या.

‘मामा, बघा! मास्तरची मरळ!’

तुम्ही बिडी विझवलीत. ‘कुठं घावली?’

‘बेशरमाच्या कोपऱ्यात. वर लाल लाल काहीतरी होतं, त्यात टाकला गळ. अशी तुटून पडली, काय सांगू!’

मामींचा वरवंटा थांबला. तुम्ही पोतं उघडलंत, माशाच्या ओठातला गळ उलटा फिरवून काढलात, माशावर तांब्याभर पाणी ओतलंत आणि पोतं पुन्हा बांधलंत.

‘चला.’

‘कुठं?’

‘जल्दी चला गुरुजी. मंग सांगतो.’

तुम्ही पुढं, मी मागं. कोपऱ्यात पोचलो तेव्हा तो लाल गोळा राहिला नव्हता. चार ठिकाणी विस्कटला होता. एक पाणकावळा बुडी मारून वर येत होता, पुन्हा बुडी मारत होता. खालून चिलापी माशांच्या झुंडी पाणी ढवळत होत्या.

‘बघा,’ तुम्ही म्हणालात. ‘तिखट सांडल्यावानी दिसतंय ना? ती पिल्लं हायत. मरळीची.’

कमरेइतक्या पाण्यात शिरून तुम्ही पोतं सोडलंत. दोन्ही हातांत मासा धरून तोंड वर करून ठेवलंत. किती वेळ! शेवटी त्यानं ‘गप्’ करून हवा घेतली. तुम्ही हात काढलेत. तो तसाच पडून राहिला. गेला, मला वाटलं, मारला मी त्याला. आणि मग शेपटी एकदा हलली. मामा, तो खोल पाण्याकडे नाही वळला. जिथं गळ बसला होता, बरोबर तिथंच गेला! पाणकावळ्याच्या अंगाखाली पाणी असं उसळलं, की तो पंख झाडत पार पाळूवर जाऊन बसला. आणि चारी दिशांची ती लाल ठिपकी हळूहळू पुन्हा एका जागी यायला लागली. मधली सुटी संपल्याची घंटा झाल्यावर मैदानावरची पोरं वर्गाकडे येतात, तशी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आईच ती शेवटी!’ मी म्हणालो. आमच्या कवितांत सगळीकडे आईच असते ना!

‘आई न्हाई. बाप हाय तो.’

‘कशावरून?’

‘मादी अंडी घालती अन् तिच्या वाटंनं जाती. खाली उभा ऱ्हातो तो बाप. मी बी लहानपणी मारल्यात अशा, खोटं काहून बोलू? पोट चिरलं तर अंड्यांची गाभोळी निघाली न्हाई. एकात बी न्हाई. अन् पोट रिकामं. बिलकुल रिकामं. पोरांखाली उभा असतो तवा तो खात न्हाई गुरुजी.’

‘मग माझी बेडकी कशी घेतली?’

‘खायला आल्ता व्हय? हाकलाया आल्ता.’

एवढंसं वाक्य! उपाशी माणूस अन्नावर तुटून पडावा तसा तो पडला, असं मी समजलो होतो. आणि तो अंगणात शिरलेल्या चोरावर धावून आला होता.

‘किती दिवस उभा राहतो असा?’

‘पोरं लाल हायत तोवर हलत न्हाई. पोळ्याच्या आदी काळी पडत्यात, मंग पांगाया लागत्यात. समदी पांगली की बाप सुटतो.’

हे सगळं तुम्ही मला सांगितलं होतंत, मामा. तिथंच, त्याच दिवशी. मग मी ते विसरलो कसा?

त्यानंतर दर ज्येष्ठाच्या शेवटी मी तुमच्याबरोबर यायला लागलो. बाभळीच्या वाळक्या फांद्या त्या कोपऱ्यात बुडवायच्या, म्हणजे कुणाचं जाळं तिकडं फिरकणार नाही. मी म्हणालो, ‘एक पाटी लावू या, मामा. मी सुंदर अक्षरात लिहून देतो.’ तुम्ही म्हणालात, ‘पाटी वाचणारे इथं जाळं घेऊन येत न्हाईत गुरुजी. काटा बरा. तो समद्यांना वाचता येतो.’

आणि मी माझ्या गळाचं टोक पक्कडीनं तोडून टाकलं. पुढं कितीतरी वर्षं नुसती कणकेची गोळी दोरीला बांधून बसायचो. बूच बुडायचं, गोळी जायची, मी दुसरी लावायचो. गावभर तुम्ही सांगत फिरलात, ‘गुरुजी माशांना जेवू घालून राह्यले. दक्षिणा बी द्या म्हणावं!’ कमी का छळलंत मला?

आता गेल्या वर्षाचं सांगतो. सांगायला हवंच.

जालन्याच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी तुमच्या लेकाला, नामदेवला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता जे दिवस आहेत ते घरीच काढा. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगायची गरज होती का! बाजेवर पडून तुम्ही आढ्याकडे पाहायचात आणि विचारायचात, पाणी सांडव्याला लागलं का, वारं कुठलं आहे. पोळा होऊन महिना होत आला होता. मी रोज यायचो. त्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात. ती पकड अजून जाळं ओढणाऱ्याची होती.

‘गुरुजी, एक काम करता का?’

‘सांगा.’

‘कोपऱ्यावर जाऊन या. बाप सुटला का, बघून या.’

मी निघालो. भुरभूर पाऊस होता. गुडघा दुखत होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. फाट्यावरच्या हॉटेलात मी बाकावर बसलो आणि उठलोच नाही. तुमच्याशिवाय तो कोपरा मला पाहायचा नव्हता. मी एकटा तिथं गेलो, तर तुम्ही गेलात हे ठरूनच जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. दोन कप चहा घेतला. अर्ध्या-पाऊण तासानं परत आलो.

‘सुटला का?’

मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, तो अजून तिथं आहे, सगळं जिथल्या तिथं आहे, असं ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

‘नाही मामा. उभा आहे. वर तो लाल गोळा, गुलमोहर सांडल्यासारखा! आणि खाली हा.’

‘लाल?’

‘लाल म्हणजे, लालबुंद!’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझ्या पायांकडे पाहिलंत. बराच वेळ. मग डोळे मिटलेत आणि म्हणालात, ‘हां. मंग थांबावं लागंल.’

मला वाटलं, तुम्ही माशाबद्दल बोलताय.

त्यानंतर नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

दहाव्याला सगळे तलावाच्या काठी जमलो होतो. विधी झाल्यावर लिंबाखाली चहा फिरला. लोक तुमच्या आठवणी सांगत होते. मीही सांगितली. ‘शेवटी-शेवटी त्यांना त्या मरळीचीच काळजी होती. मी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, लाल पिल्लं आहेत, बाप उभा आहे. केवढं समाधान झालं त्यांना!’

नामदेव डोक्यावरून टॉवेल काढत सहज म्हणाला, ‘भादव्यात लाल? काही बी काय गुरुजी. पोळ्याआदीच काळी पडत्यात ती. आबानं कधी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?’

कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोलणं पुढं गेलं. माझ्या हातातला चहा तसाच निवला, मामा. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. ‘लाल?’ म्हणून विचारलंत, ती मला दिलेली संधी होती. आणि मी काय केलं? ‘लालबुंद’!

तुमचाही राग आला मला. का नाही बोललात? एरवी गावभर माझी टिंगल करायचात, तेव्हा एका शब्दानं झाडायचं होतं! ‘खोटं काहून बोलून राह्यले’ म्हणायचं होतं! मी पुन्हा गेलो असतो. रांगत गेलो असतो. मरणाच्या दारातल्या माणसानं एक गोष्ट बघून यायला सांगितली, आणि मी चहा पिऊन आलो. वर्षभर हे मी कुणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

हिवाळ्यात जालन्याला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. घरच्यांना वाटलं, वर्तमानपत्र वाचायला. मला कशासाठी डोळा हवा होता, ते तुम्हाला कळेल.

ज्येष्ठात नामदेवकडे गेलो. तो म्हणाला, ‘गुरुजी, खरं सांगू का? यंदा तो कोपरा मोकळा करणार हाय मी. आपण रोहू-कटल्याचं बोटुकलं, बोटाएवढी पिल्लं, इकत आणून सोडतो, अन् मरळ खाऊन टाकती. नुसता खर्चा.’

‘एवढं वर्ष राहू दे.’

‘काहून?’

‘माझं एक बघायचं राहिलंय.’

तो कुऱ्हाड घेऊन बाभळीकडे निघाला. ‘आबाचं अन् तुमचं एकच येड,’ एवढंच बडबडला. फांद्या त्यानंच बुडवल्या, बरोबर तुमच्यासारख्या, टोकं बाहेरच्या अंगाला.

आषाढ संपत आला तशी मी घडीची खुर्ची, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन रोज सकाळी कोपऱ्यावर बसायला लागलो. पहिले काही दिवस नुसतं पाणी. मग बेशरमाच्या खोडांमध्ये ताटाएवढी गोल मोकळी जागा दिसली, कुणी शेवाळ झाडून काढल्यासारखी. तिथं अधूनमधून ‘गप्’. आणि एका सकाळी ढग फाटले, ऊन पाण्यावर पडलं, आणि मला ते दिसलं.

मामा! गुलमोहर नाही हो. मी खोटं बोललो, आणि तेही चुकीचं बोललो! तिखटच ते. आत्ता कांडलेलं, ओलसर, जिवंत तिखट. नव्या डोळ्यानं पाहिलं, तर एकेक पिल्लू वेगळं दिसत होतं, तांदळाच्या कणीएवढं. हजार असतील, दोन हजार असतील, मोजणार कोण! सगळी एकदम हवा प्यायला वर यायची. आभाळ कोरडं, आणि तेवढ्याच तुकड्यावर पाऊस पडतोय असं पाणी तडतडायचं. मग सगळी एकदम खाली. त्यांच्या खाली एक काळी सावली, हलत नाही, डुलत नाही. हे सगळं माझ्यासारख्या म्हाताऱ्याला फुकटात दिसावं, हे कुठलं माझं पुण्य?

एक दिवस ढोकरी काठाकाठानं पाय उचलत आली. मान लांब केली. मी ‘हाऽऽड’ म्हणून ओरडणार, तेवढ्यात खालून पाण्याचा असा तडाखा बसला, की ढोकरी उडाली, आणि दचकून मी खुर्चीसकट मागं पडलो! तुम्ही असता तर हे पुढची दहा वर्षं पुरवून पुरवून सांगितलं असतंत.

रंग उतरत गेला तो असा, की कुठल्या दिवशी उतरला ते सांगता येत नाही. तांबडं, मग विटकरी, मग अंगावर एक काळी रेघ. पोळ्याच्या सुमाराला सगळी मातकट काळी, बोटाच्या पेराएवढी. गोळा सैल झाला. एखादं पिल्लू दोन हात लांब जाऊन परत यायचं. मग चार हात. मग काही परत येईनात. बाप हवेला वर यायचा तेव्हा त्याचं डोकं तेवढं मोठं दिसायचं, अंग बारीक झालं होतं. तुमच्या शेवटच्या दिवसांत तुमचे हात असेच मोठे दिसायला लागले होते.

आणि आज. सात वाजता जाऊन बसलो. कोपऱ्यात काही नाही. उजेड चढला, तरी काही नाही. ती ताटाएवढी जागा होती, पण तिच्यावर शेवाळाचा एक धागा तरंगत आला होता आणि त्याला कुणी हलवत नव्हतं. मी तासभर पाणी वाचत राहिलो, तुम्ही शिकवलं तसं. मृगळीचे बुडबुडे होते. कासवाच्या बुडबुड्यांची रांग गेली. आणि मग लांब, पार कालव्याला पाणी सोडायच्या मोरीच्या विहिरीपाशी, खोल पाण्यावर खळी पडली. ‘गप्.’

तोच होता का? शपथेवर सांगणार नाही. यंदा न पाहिलेलं एक अक्षर सांगायचं नाही, असं ठरवलंय. पण कोपरा रिकामा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तिथंच उभा राहून चौथीची ती कविता म्हटली, सगळी, टाळ्या वाजवत. वेडा म्हणायला आसपास कुणी नव्हतं.

तिथून उठलो तो चिखलानं भरल्या पायांनी तुमच्या घरी. पारूमामी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बसलो आणि पहिल्यांदाच सगळं बोललो. फाट्यावरचं हॉटेल, दोन कप चहा, लालबुंद. मला वाटलं, उठून आत जातील.

त्या शेंगा फोडतच राहिल्या. म्हणाल्या, ‘ठावं हाय मला.’

‘काय ठाऊक आहे?’

‘तुमी गेल्यावर ते लई हसले गुरुजी. कित्येक दिसांनी हसले. म्हणले, गुरुजी तळ्यावर गेलेच न्हाईत. भुरभुरीत गेले अन् पायाला गाळ न्हाई. वर लाल म्हणून राह्यले. गुलमोहर म्हणं!’

‘मग मला बोलले का नाहीत?’

मामींनी सूप खाली ठेवलं. ‘मी बी तेच इचारलं. तर म्हणले, त्यांना मी जावं वाटंना. मंग मी थांबतो चार दिस. काय जातंय?’

आणि सूप पुन्हा उचलत त्याच म्हणाल्या, ‘चार म्हणले व्हते. नऊ थांबले.’

मामा, ते नऊ दिवस तुम्ही कसे काढलेत, ते मी पाहिलंय. श्वास वर येऊन अडकायचा, पुन्हा खाली जायचा. पोटात अन्न नव्हतं. मी रोज उशाशी बसून तुम्हाला कविता म्हणून दाखवत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, आज जरा बरे दिसतात. आणि तुम्ही तिथं उभे होतात. माझ्याखाली.

मी तुम्हाला काय दिलं? एक चाल. तीही माझी नव्हे, पुस्तकातल्या कवितेची.

म्हणून हे पत्र आजच, पायाचा गाळ धुवायच्या आधी लिहितोय. वचन देतो ते ऐका. जोवर पाय आहेत, तोवर दर ज्येष्ठात नामदेवबरोबर काट्या बुडवायला जाईन. तो नाही म्हणाला तर हुज्जत घालीन. आषाढापासून भादव्यापर्यंत कोपऱ्यावर बसेन. जे दिसेल तेच सांगेन, आणि नाही जाता आलं तर ‘गेलो नाही’ म्हणून सांगेन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एकदा, नीट, पूर्ण वाक्यात लिहितो. पिल्लं काळी झाली, पांगली, कोपरा मोकळा आहे. बाप सुटला, मामा.

आता माझ्यासाठी थांबू नका.

तुमचाच,
दत्तात्रय गुरुजी